डिस्ने फॅमिली म्युझियमला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

दर उन्हाळ्यात बे एरियात भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा सीझन सुरू होतो आणि आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो: गोल्डन गेट झाला, वाकडी लोम्बार्ड स्ट्रीट झाली, नापा पण झालं (बाबांनी नुसता द्राक्षाचा मळा बघितला), आता या वीकेंडला कुठे न्यायचं? मी दरवेळी लिहिते की सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओतलं वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियम, आणि दरवेळी दोन उत्तरं येतात. एक, "अगं डिस्नेलँड तर एलएला आहे ना?" आणि दोन, "आमची मुलं आता मोठी झाली गं." मग मी परत टाइप करत बसते. म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकेन.

मी काही आर्टवाली नाही, आयटीतच आहे. पण दहा-बारा वेळा जाऊन झालंय, त्यातल्या पहिल्या दोन वेळा पूर्ण वाया गेल्यात, आणि का वाया गेल्या ते आता कळतंय.

सगळ्यात आधी, हे काय नाही

राइड नाही, मिकीचा ड्रेस घातलेला माणूस नाही, आतिषबाजी नाही. सहा वर्षाच्या मुलाला "डिस्नेला जातोय" सांगून गाडीत बसवू नका, दारात रडारड होते, मी केलंय हे. हे म्युझियम डिस्ने कंपनी चालवत नाही, वॉल्ट डिस्नेची मोठी मुलगी डायान डिस्ने मिलर हिने पुढाकार घेऊन उभं केलं, १ ऑक्टोबर २००९ ला उघडलं. प्रेसिडिओ म्हणजे पूर्वीचा लष्करी तळ, १९९४ पासून नॅशनल पार्कात आलाय, तिथल्या मैदानालगतच्या लाल विटांच्या जुन्या बराकींपैकी एकीत हे आहे. बाहेरून बघितलं तर पुण्याच्या कॅम्पातलं एखादं जुनं ऑफिस वाटेल, आत एवढं काय असेल असं वाटतच नाही.

आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांचा इथेच घोळ होतो. एक म्हणजे कायमचं म्युझियम, दहा दालनं, वॉल्टच्या जन्मापासून (१९०१, शिकागो) मृत्यूपर्यंत (१९६६) क्रमाने. आणि दुसरं म्हणजे बदलती प्रदर्शनं, ती बहुतेक मागच्या वेगळ्या इमारतीत लागतात, लष्कराच्या काळात ती जिमखान्यासारखी व्यायामशाळा होती, आता तिला डायानचंच नाव दिलंय. कधी एखाद्या चित्रकारावर, कधी एखाद्याच सिनेमाच्या चित्रांवर, असं काही महिने चालतं आणि उतरतं. मेरी ब्लेअर, मार्क डेव्हिस, आयव्हिंड अर्ल अशा डिस्नेच्या चित्रकारांची अख्खी प्रदर्शनं इथे होऊन गेलीत, साल्वादोर दाली आणि डिस्ने यांच्या दोस्तीवर पण एक झालंय. माझ्या मते खरा माल इथे आहे. आणि पहिल्या दोन वेळा मी मागच्या इमारतीत गेलेच नव्हते, कारण ती आहे हेच माहीत नव्हतं. हसा.

दिवस, वेळ, तिकीट

सोमवार ते बुधवार बंद असतं, गुरुवार ते रविवार साधारण दहा ते साडेपाच, शेवटची एंट्री त्याच्या तासभर आधी. तरी निघायच्या आधी वेबसाइट बघाच, मधेच एखाद्या दिवशी खासगी कार्यक्रम असतो किंवा एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायचं काम चालू असतं. ऑनलाइन तिकीट काढताना बघून घ्या की त्यात बदलतं प्रदर्शन धरलंय की नुसतं कायमचं म्युझियम. विद्यार्थी आणि सीनियर लोकांना सवलत असते, आई-बाबांचं वय सांगायला लाजू नका. आणि तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर बे एरियातल्या बऱ्याच म्युझियमचे फुकट किंवा स्वस्त पास मिळतात, हे नवीन आलेल्यांना कोणी सांगतच नाही, तर त्या यादीत सध्या काय काय आहे ते एकदा बघा, पासचा कोटा पटकन संपतो मात्र.

वेळ किती लागतो? मी सांगते चार तास धरा. लोक म्हणतात दीड तासात झालं. हो, दीड तासात चालत जाऊन बाहेर पडता येतं, तसं तर अजिंठाही दीड तासात होतं.

गाडीने गेलात तर पार्किंगला पैसे पडतात, मीटर संपायची वेळ मोबाइलवर लावून ठेवा, आम्हाला एकदा बाहेर आल्यावर वायपरखाली दंडाचं पाकीट मिळालंय आणि ते तिकिटांपेक्षा महाग होतं. डाउनटाउनहून प्रेसिडिओची शटल बस येते आणि शहराची ४३ नंबरची मुनी बसही तिथे जाते. बार्टने (इथली लोकल ट्रेन) या, मग बस पकडा, पार्किंगची कटकट नाही. आणि स्वेटर! फ्रीमाँटला पस्तीस डिग्री असताना प्रेसिडिओत धुकं आणि बोचरा वारा असतो, साडी नेसून आलेल्या सासूबाई माझ्या फ्लीसमध्ये गुंडाळून बसल्या होत्या. जॅकेट गाडीत ठेवून उपयोग नाही, सोबत घ्या.

आत गेल्यावर आधी कुठे

सगळे जण सरळ पहिल्या दालनात शिरतात. मी म्हणते उलटं करा, आधी मागच्या इमारतीतलं प्रदर्शन बघा. कारण डोळे ताजे असतात. कायमच्या भागात व्हिडिओ, आवाज, बटणं, मॉडेल्स सगळं आहे, ते थकल्यावरही बघता येतं. पण भिंतीवर लावलेली, हाताएवढ्या कागदावरची पेन्सिलची चित्रं थकलेल्या डोळ्यांनी बघितली ना, तर सगळी सारखीच दिसतात आणि मग "हां छान आहे" म्हणत माणूस सरकत जातो.

आत अंधार वाटेल. म्युझियमने वीज वाचवलेली नाही. कागद आणि जलरंग उजेडाने फिके पडतात म्हणून अशा चित्रांवर प्रकाश साधारण ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपास ठेवायची जगभरची पद्धत आहे, आपल्या ऑफिसात त्याच्या सात-आठपट तरी असतो. दारातून शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. जवळचा चष्मा घ्या. बाबांचा चष्मा घरी राहिला तर त्यांच्यासाठी सगळं प्रदर्शन म्हणजे अंधारातले चौकोन, आणि मग ते बाकावर बसून व्हॉट्सॲप बघतात, दोष त्यांचा नाही.

फोटोचे नियम प्रत्येक प्रदर्शनाचे वेगळे असतात, कारण चित्रं बऱ्याचदा दुसऱ्या संग्रहांतून उसनी आणलेली असतात. दारावरची पाटी वाचा. फ्लॅश कुठेच नाही. वहीत चित्रं काढायची असतील तर शिसपेन्सिल न्या, पेन आणि रंग नकोत.

आता मुख्य गोष्ट: भिंतीवर नक्की काय लावलंय

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं सिनेमातली चित्रं फ्रेम करून लावलीत. तसं नसतं. एका कार्टून सिनेमासाठी पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारची चित्रं बनतात, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि त्यातली बरीचशी पडद्यावर कधी दिसतच नाहीत. हे एकदा कळलं की प्रदर्शन एकदम उघडतं. त्यामुळे चित्राशेजारची छोटी पाटी आधी वाचा, नाव आणि साल सोडून तिसऱ्या-चौथ्या ओळीकडे जा, तिथे लिहिलेलं असतं कशावर कशाने काढलंय आणि कशासाठी. आणि तिथे प्रतिकृती असं लिहिलं असेल तर तेही कळतं, काही नाजूक कागद फार काळ उजेडात ठेवत नाहीत, त्यांच्या जागी कॉपी लावतात.

सुरुवातीची असतात ती कन्सेप्टची चित्रं. सिनेमा कसा दिसावा, कुठला रंग, कुठला मूड, एवढंच सांगायला काढलेली, बहुतेक छोटी. मेरी ब्लेअरची बघायला मिळाली तर सोडू नका. ती गुआशमध्ये काम करायची, गुआश म्हणजे आपल्या शाळेतल्या कॅमलच्या पोस्टर कलरचा श्रीमंत भाऊ, सपाट, दाट, पाणी कमी. सिंड्रेला (१९५०), ॲलिस (१९५१) आणि पीटर पॅन (१९५३) या तिन्हीच्या रंगांमागे तिची चित्रं आहेत. जवळून बघा, ब्रशचा फराटा दिसतो, कडा कुठेकुठे थरथरलेल्या आहेत. आणि मग त्या सिनेमातला तोच सीन मोबाइलवर लावून बघा, पडद्यावर येईपर्यंत तिची अर्धी हिंमत गुळगुळीत झालेली असते, असं मला तरी वाटतं. चित्र सिनेमापेक्षा भारी असण्याचे असे बरेच प्रसंग इथे येतात.

मग स्टोरीबोर्ड. छोट्या छोट्या चित्रांची रांग, भिंतीला पिनांनी टोचलेली, ज्यावर अख्खी गोष्ट ठरते. चित्रकार बोर्डासमोर उभा राहून हातवारे करून, आवाज काढून गोष्ट सांगायचा आणि बाकीचे हसले नाहीत तर ती चित्रं काढून टाकायची. ज्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी बघितलीय त्यांना हे समजवायलाच नको, पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं आणि गाऊन रामायण-महाभारतातलं आख्यान सांगायचं, तेच की! फक्त इथे पुढे त्याचा सिनेमा होतो. माझ्या आईला "स्टोरीबोर्ड" हा शब्द तीनदा सांगून कळला नव्हता, चित्रकथी म्हटल्यावर एका सेकंदात कळला. स्टोरीबोर्ड डावीकडून उजवीकडे वाचा, ओलांडून जाऊ नका, एखादी तरी रांग पूर्ण वाचा.

त्यानंतर मॉडेल शीट, म्हणजे एकच पात्र समोरून, बाजूने, मागून, हसताना, चिडताना. शंभर जण तोच ससा काढणार तर तो एकच ससा दिसला पाहिजे ना. यासाठी छोटे पुतळेही बनवायचे, ते काचेच्या पेटीत असतात, पोरांना हे आवडतात.

आणि मग पेन्सिलची चित्रं. माझी सगळ्यात आवडती. कागदाच्या कडेला भोकं बघा, बऱ्याचदा तीन, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट. ती खुंट्यांवर बसतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले कागद हलत नाहीत, आणि चित्रकार खालच्या बाजूने दिवा लावून दोन-तीन कागदांतून आरपार बघत पुढचं चित्र काढतो. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम जातात. स्नो व्हाइट ८३ मिनिटांचा, हिशोब करा, एक लाख वीस हजाराच्या आसपास फ्रेम. बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरून चालवतात त्यामुळे तेवढी वेगळी चित्रं लागत नाहीत, पण एका फ्रेममध्ये सातही बुटके असले की परत वाढतात. कागदाच्या कोपऱ्यात आकडा असतो, काही आकड्यांना गोल केलेला असतो, ती मुख्य पोझ. मोठा ॲनिमेटर मुख्य पोझ काढणार, मधली भरायचं काम ज्युनियरकडे. त्या आकड्यांशेजारी शिडीसारख्या रेघा दिसल्या तर थांबा, तो मधल्या चित्रांचा हिशोब आहे, कुठे जवळजवळ आणि कुठे लांब, हालचाल कुठे हळू आणि कुठे जोरात. मला कोडिंगमधली कॉमेंट वाचल्यासारखं वाटतं ते, पुढच्या माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी. लाल-निळ्या पेन्सिलीच्या खालच्या रेघा पण पुसलेल्या नसतात. खोडरबराचे डाग असतात. माणसाने काढलंय हे तिथे कळतं.

सेल हा शब्द सगळीकडे दिसेल. सेल म्हणजे पारदर्शक शीट. पेन्सिलचं चित्र त्याच्याखाली ठेवून वरच्या बाजूने शाईने रेघ गिरवायची आणि उलटवून मागच्या बाजूने रंग भरायचे, आपल्याकडे घरोघरी ग्लास पेंटिंगचं फॅड आलं होतं ना, साधारण तसंच. म्हणून समोरून रंग एकदम सपाट दिसतो. मागून बघितलं तर थापलेला चिखल. हे शाई आणि रंगाचं काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या, पांढरे हातमोजे घालून दिवसभर, आणि पडद्यावर नाव नाही. ॲनिमेटर म्हणून डिस्नेच्या स्टुडिओत श्रेय मिळालेली पहिली बाई रेटा स्कॉट, तेही १९४२ च्या बॅम्बी या हरणाच्या सिनेमात. तिच्याकडे काम काय होतं तर शिकारी कुत्र्यांचा हल्ला, नाजूक फुलंबिलं नाही.

जुने सेल सेल्युलोज नायट्रेटचे, ते काळाने पिवळे पडतात, आकसतात, रंगाचे पापुद्रे निघतात. त्यामुळे सुरकुतलेला सेल दिसला तर नीट ठेवला नाही असं म्हणू नका, त्याचा स्वभावच तो. शिवाय त्या काळी सेल धुऊन परत वापरायचे, काम झालं की केराची टोपलीच. गंमत म्हणजे हे विकायला घेऊन त्याला "आर्ट" म्हणायची कल्पना याच शहरातली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कूर्व्हाज्ये गॅलरीने १९३८ पासून डिस्नेची मूळ चित्रं विकायला काढली. सेलच्या मागे लाकडाची पातळ पट्टी किंवा साधं, रंग फवारून केलेलं बॅकग्राउंड दिसलं तर तो बहुतेक त्यांनी विकायला तयार केलेला, सिनेमातली मूळ पार्श्वभूमी नव्हे. आणि पुढे डिस्नेलँडमध्ये सेल अगदी किरकोळ किमतीत मिळायचे. आपण काय, तेव्हा नव्हतो.

एक डोळ्यांचा खेळ सांगते. सेलवरची रेघ बारीक बघा. रंगीत, एकसारखी, गोलाईवर जाड-पातळ होणारी असेल तर हाताने गिरवलेली. काळी, खरखरीत, पेन्सिलच्या खुणा तशाच दिसणारी असेल तर ती झेरॉक्स. खरंच झेरॉक्स, १९६० च्या सुमारास, डाल्मेशियन कुत्र्यांच्या सिनेमाच्या (१९६१) वेळी, पेन्सिलचं चित्र थेट सेलवर उमटवायला लागले, नाहीतर तेवढे काळे ठिपके हाताने गिरवत कोण बसणार. १९८९ च्या लिटल मर्मेडनंतर सेल संपलेच, सगळं कॉम्प्युटरवर गेलं. ही ओळख एकदा जमली की पाटी न वाचता दशक सांगता येतं आणि नवऱ्यासमोर भाव खाता येतो.

बॅम्बीचं जंगल आणि समोरचं बेट

एक प्रदर्शन मी आयुष्यभर विसरणार नाही ते २०१३-१४ चं, टायरस वाँग यांचं. तेव्हा मी इथे नवीनच होते, एच-वन व्हिसाचे कागद अडकलेले, मैत्रिणीने ओढून नेलं. प्रदर्शन उघडलं तेव्हा वाँग १०२ वर्षांचे होते आणि हयात होते!

बॅम्बीचं काम चालू होतं तेव्हा अडचण अशी झाली की जंगलाचं प्रत्येक पान काढलेलं, आणि त्यात हरीण दिसेचना. वाँग तेव्हा ज्युनियर, ती मधली चित्रं भरणारे. त्यांनी घरी बसून छोटी छोटी चित्रं काढली, जुन्या चिनी निसर्गचित्रांसारखी, धुकं, एक-दोन खोडं, मधे उजेडाचा ठिपका, आणि त्यात एवढंसं हरीण. आर्ट डायरेक्टरला दाखवली आणि अख्ख्या सिनेमाचं रूप ठरलं. सिनेमाच्या नावांमध्ये मात्र ते नुसते बॅकग्राउंड आर्टिस्ट. आणि सिनेमा १९४२ ला लागायच्या आधीच, स्टुडिओतल्या १९४१ च्या संपाच्या गदारोळात, स्वतः संपात नसताना नोकरीवरून काढलेले.

त्यांची चित्रं तळहाताएवढी होती त्यातली कितीतरी. मी आधी लांबूनच बघून पुढे गेले, मग मैत्रीण म्हणाली परत ये, नाक लावून बघ. जवळ गेल्यावर जंगल नाहीच, नुसते ओले डाग. तीन पावलं मागे आलं की जंगल. हे करा, प्रत्येक मोठ्या चित्रासमोर करा, जवळ-लांब-जवळ. (नाक लावून म्हणजे खरंच लावू नका, गार्ड येतो.)

तर हे वाँग नऊ-दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर दुसऱ्याच कोणाच्या नावाच्या कागदांवर अमेरिकेत आले, चिनी लोकांना तेव्हा कायद्याने बंदी होती, आणि त्यांना एंजल आयलंडवर एकट्याला डांबून ठेवलं होतं. एंजल आयलंड म्हणजे इथे समोरच खाडीत दिसतं ते हिरवं बेट. म्युझियममधून बाहेर पडून टनेल टॉप्स या पार्कच्या हिरवळीवर गेलात की दिसतं. आम्ही त्या दिवशी बाहेर बसून बराच वेळ काही बोललो नाही, मग मैत्रिणीने डब्यातली पोळी-भाजी काढली.

ते प्रदर्शन आता नाही, पण मुद्दा असा की प्रदर्शनात शिरल्यावर एक माणूस पकडा. सगळी नावं वाचायच्या भानगडीत पडू नका. एकच नाव घ्या, त्याची चित्रं शोधत फिरा, घरी जाऊन त्याच्याबद्दल वाचा.

कायमच्या दालनांत काय चुकवू नये

इथे मी भराभर सांगते. मिकीची सगळ्यात जुनी म्हणून माहीत असलेली पेन्सिलची चित्रं आहेत, पटकन नजरेतून सुटतात. स्नो व्हाइटचा तो खास ऑस्कर, एक मोठी बाहुली आणि शेजारी सात छोट्या, तिथे फोटोसाठी रांग असते.

पण वेळ द्या तो मल्टीप्लेन कॅमेऱ्याला. भला उंच लोखंडी सांगाडा आहे, कॅमेरा वर टांगलेला, खाली बघणारा, आणि त्याच्याखाली थरावर थर काचा, एकीवर झाड, एकीवर घर, सगळ्यात खाली आकाश. साध्या सपाट चित्राकडे कॅमेरा नेला तर झाडाबरोबर चंद्रही मोठा होतो, खोटं वाटतं. इथे प्रत्येक काच वेगळ्या वेगाने सरकते. डेक्कन क्वीनच्या खिडकीतून बघा ना, खांब सुसाट पळतात, शेतं सावकाश आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबरच चालतो, तेच त्यांनी काचांनी केलं. पहिल्यांदा १९३७ च्या एका छोट्या फिल्मसाठी वापरला, जुन्या पवनचक्कीवरची. आता ॲपमध्ये तीन लेयर टाकून पाच मिनिटांत होतं ते, म्हणून लेकीला वाटलं त्यात काय, मग तिला सांगितलं की एकेक फ्रेम काढायला चार-पाच माणसं काचा इंचाच्या बारीक भागाने सरकवत बसायची, तर म्हणे "त्यांना पगार चांगला होता का?"

चांगला प्रश्न. त्याचं उत्तर पुढेच आहे, १९४१ च्या संपाचा भाग. २९ मे १९४१ ला संप सुरू झाला, स्टुडिओच्या दारात बोर्ड घेतलेले चित्रकार, आणि कार्टून काढणाऱ्यांचे बोर्ड म्हणजे बघायलाच नको, आंदोलनातही चित्रं भारी. माझे सासरे आयुष्यभर बँकेच्या युनियनमध्ये, बाकी म्युझियम त्यांनी हात मागे बांधून बागेत फिरल्यासारखं बघितलं, पण इथे प्रत्येक ओळ वाचली. मग म्हणाले, "मुलीने बापाच्या म्युझियममध्ये संप ठेवला हे कौतुक आहे. पण लिहिलंय मालकाच्याच बाजूने." मलाही तसंच वाटतं. एकूण म्युझियमच लाडक्या बाबांबद्दल मुलीने सांगितलेलं आहे, हे धरूनच बघायचं.

शेवटाकडे डिस्नेलँडचं मोठं गोल मॉडेल आहे, मुलं तिथे चिकटतात, आणि घराच्या अंगणात चालवायची वॉल्टची खरी वाफेची छोटी रेल्वे. त्याआधी किंवा नंतर खिडकीतून गोल्डन गेट दिसतो, धुकं नसेल तर. शेवटचं दालन शांत आहे, वॉल्ट गेल्यावर जगभरच्या पेपरांतल्या व्यंगचित्रकारांनी काढलेली चित्रं, रडणारा मिकी वगैरे. आईचे डोळे भरून आले तिथे, कारण का विचारलं तर म्हणाली लक्ष्मण गेले तेव्हा पेपरात असंच आलं होतं.

मुलं सोबत असतील तर

सात-आठ वर्षांखालच्यांना मागचं प्रदर्शन वीस मिनिटं, बास. त्यांना एक काम द्या: तीन भोकं शोध, गोल केलेला आकडा शोध, पाच ससे मोज. दोघांनी आळीपाळीने बघा, एकाने पोरांना मॉडेलकडे न्या. बाहेर समोर मोठं मैदान आहे, मधे सोडा पळायला. गॅलरीत खाणं चालत नाही, डबा बाहेर हिरवळीवर. गिफ्ट शॉपमधून बाहेर पडताना पोरांचे डोळे झाका, आणि स्वतःसाठी त्या प्रदर्शनाचं पुस्तक चाळून बघा, महाग असतं, लायब्ररीत मिळतं का तेही बघा.

घरी आल्यावर पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचं एक पॅड द्या. खालच्या कोपऱ्यात चेंडू काढायचा, पुढच्या पानावर जरासा वर, असं वीस-पंचवीस पानं. त्याच संध्याकाळी द्या, दुसऱ्या दिवशी उत्साह गेलेला असतो.

आवडलं तर पुढे कुठे

पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ इथेच एमरीव्हिलला आहे पण आत जाता येत नाही, ओळखीचं कोणी नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी, गेटवर जाऊन परत येणारे मला माहीत आहेत. शहरात फिशरमन्स वार्फजवळ कार्टून आर्ट म्युझियम आहे, छोटं आहे, तासाभरात होतं. आणि दिवसभराची ट्रिप काढायची तर सांता रोझाला चार्ल्स शुल्झ म्युझियम, स्नूपीवाला. त्या माणसाने १९५० ते २००० एवढ्या वर्षांत १७,८९७ स्ट्रिप काढल्या, आणि तिथे मूळ शाईचे कागद लावतात, पेपरात छापून येतात त्यापेक्षा खूपच मोठे. रेघ शेवटच्या वर्षांत थरथरायला लागलेली स्पष्ट दिसते. डिस्नेत शंभर हात आणि इथे एकच हात, दोन्ही बघितलं की फरक कळतो.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर मुंबईत पेडर रोडला गुलशन महल, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, २०१९ ला उघडलं, सोमवारी बंद. हे पूर्वीच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात आहे, आणि याचा डिस्नेशी खरा धागा आहे: बॅम्बीवर काम केलेला क्लेअर वीक्स नावाचा ॲनिमेटर १९५६ मध्ये मुंबईला येऊन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आपल्या पोरांना शिकवत होता, त्यातून १९५७ ला जातककथेवरची एक फिल्म झाली. त्याच्या हाताखाली शिकलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे मोठे नाव झाले, २०१४ ला पद्मश्री. बाबांना "शतरंज के खिलाडी" मधला कार्टूनचा तुकडा आठवतोय का विचारा, तो राम मोहन यांचा. माझ्या बाबांना आठवला, आणि मग गाडीत सॅन मटेओ ब्रिज संपेपर्यंत तेच बोलत होते.